गूळ चाखणाऱ्याचे दात

तेर, ४ डिसेंबर १९४३, शनिवार

दात पडला! भांडणात नाही, घसरून नाही — गूळ चावताना. हिंमतरावांच्या गुऱ्हाळावर ह्यांनी नव्या भेलीचा तुकडा समोरच्या दातांत धरला, तोडायला गेले, आणि गुळाबरोबर दातच हातात आला. हे मला दगडोबानं सांगितलं. आमच्या आडतीवरचा जुना गडी, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. बरंच आहे ते. नाहीतर मला कोण सांगणार? हे तोंड मिटून आले, तोंड मिटून बसले. वाढू का विचारलं तर नुसती मान हलवली.

सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशात दात सापडला. किडलेला नाही, काळा नाही. चांगला पांढरा दात, फक्त मुळाशी पिवळा लगदा. असा धडधाकट दात आपण होऊन बाहेर कसा येतो? अजून चाळिशी नाही आली माणसाची!

तेरमध्ये म्हणतात, शरणबसप्पानं चावला की भाव ठरला. खोटं नाही ते. कडकन तुटला तर गूळ टिकणार, दाताखाली दबला तर पावसाळ्यात पाझरणार, करकरला तर माती. एका चाव्यात सांगतात. लातूरचे व्यापारी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवत नाहीत. आमची आडत ह्या तोंडावर चालते. आणि रोज सकाळी चूळ भरली की त्याच तोंडातून लाल पाणी.

आत्याबाईंचं एकच — "माझ्या लेकाला नजर लागली. मिश्री लाव म्हनावं, माझ्यावानी." मिश्री तर मीही लावते. माझ्याही हिरड्यांतून रक्त येतंच. बायकांचं काय, कुणाच्या येत नाही?

७ डिसेंबर

वास येतो. लिहू नये. पण इथं नाही लिहायचं तर कुठं लिहायचं? त्यांच्या तोंडाला वास येतो. त्यांनाही कळतंय. माझ्याशी बोलतात ते भिंतीकडं बघून. गिऱ्हाईक आलं की उपरण्याचं टोक तोंडापुढं. आज फार वाईट वाटलं. ओरडून सांगावंसं वाटलं, बघा की माझ्याकडं! मला काही होत नाही वासानं!

सांगितलं मात्र नाही. आत्याबाई बसल्या होत्या.

पाणी किती पितात! तांब्या भरून ठेवायचा अवकाश. आणि सदरा खांद्यावरून लोंबायला लागलाय. खातात तर दुप्पट. जातं कुठं?

१२ डिसेंबर

मानेवर गळू. खालच्या हिरडीला दुसरं, गालावरून दिसतं. आत्याबाईंनी बाभळीच्या सालीचा काढा केला, चूळ भरायला लावली. ठणका काही कमी होईना. भाकरी दुधात कुस्करून दिली तर ती पण गिळवेना.

हिंमतराव येऊन गेले. ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि बोलणं अगदी सरळ. "वैनी, ह्याला बार्शीला न्या. माझा चुलता असाच गेला. आधी दात हालले, मग पायाला जखम झाली ती भरंना. कुनी ध्यान दिलं न्हाय."

हे म्हणाले, "तू गप रं. गुऱ्हाळं ऐन भरात आल्यात आन् मी बार्शीला जाऊ?"

मी सरळ सांगितलं, तुम्ही नाही आलात तर मी एकटी गाडीत बसून माहेरी सोलापूरला जाते, मग बसा गूळ चावत. आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला! पण येतो म्हणाले. बुधवारी.

१५ डिसेंबर, बुधवार

नीट सगळं लिहून काढते म्हणजे डोकं शांत होईल.

रेल्वेच्या छोट्या गाडीनं बार्शीला गेलो. डॉक्टरांनी तोंडात बघितलं. आरसा घातला, हिरडी बोटानं दाबली, पू आला. वाटलं आता दातांचं काहीतरी बोलतील. तर विचारलं काय — पाणी फार पिता का? लघवीला सारखं जावं लागतं का? हे माझ्याकडं बघायला लागले. मग मला विचारलं, "लघवीच्या जागी मुंग्या लागतात का, बाई?"

मला हसूच आलं! म्हटलं, डॉक्टर, गुळाच्या घरात मुंग्या कुठं लागत नाहीत? उंबऱ्याला लागतात, धोतराला लागतात. आमच्या मोरीत तर रांगाच रांगा, सासूबाई रोज राख टाकतात.

डॉक्टर नाही हसले.

काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, मोरचुदासारखं. त्यात ह्यांच्या लघवीचे थेंब टाकले आणि दिव्यावर धरलं. बघता बघता हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल. मला वाटलं असंच होत असेल सगळ्यांचं. डॉक्टर म्हणाले, "निळं राहायला पाहिजे होतं. ही साखर आहे. मधुमेह."

गूळ विकणाऱ्याच्या लघवीत साखर! हे चक्क म्हणाले, "मग ती गुळाचीच आसंल की."

मग डॉक्टर खुर्ची ओढून आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, हिरड्या पिकलेल्या असल्या की अंगातली साखर आवरत नाही, आणि साखर आवरली नाही की हिरड्या बऱ्या होत नाहीत. एकीला घरात ठेवून दुसरीला हाकलता येत नाही. सडलेले दात सगळे काढायचे, पोटात गूळसाखर बंद आणि रोज इन्शुलीनची सुई. मी विचारलं, नाही केलं तर? ते ह्यांच्या मानेवरच्या गळवाकडं बघत राहिले. म्हणाले, "वर्षभर तग धराल कदाचित."

ह्यांनी एकच विचारलं. "समोरचे बी काढावं लागतील?"

"समोरचे आधी."

उठले आणि चपला घालून बाहेर! मी डॉक्टरांच्या पाया पडून मागं धावले.

१६ डिसेंबर

वर्षभर. वर्षभर. वर्षभर.

२० डिसेंबर, सोमवार

भांडण. आडतीवर ऐकू गेलं असणार, जाऊ दे.

ते म्हणतात, दात गेले तर मी कोण? "बोळक्या तोंडाच्या मानसाला गूळ कळतो व्हय? लोक हासतील." मी म्हटलं, मेलेल्या माणसाला कळतो का? तेव्हा आत्याबाई मधे पडल्या. "तोंडातून काय बी काढतीस गं! शरण्या, दात न्हाय काढायचा. तुझ्या बापाचं दात मातीत जाईपत्तर शाबूत व्हतं."

आणि सासरे बेचाळिसाव्या वर्षी गेले, पायाचं बोट काळं पडून. ते कशानं, कुणी विचारलं का कधी? मी विचारलं आज.

ह्यांना गमावणं मला जमायचं नाही. लेकरू नाही पदरात. माणूस भांडखोर असो, हट्टी असो, तोंडाला वास येवो. पण हवा!

२८ डिसेंबर

येळवस, वेळ अमावास्या, झाली. शेतात कडब्याची कोप केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, आंबील शिंपडली, सगळं रीतीप्रमाणं. पालेभाज्या-शेंगांची भज्जी मी केली होती, चांगली झाली म्हणाले सगळे. ह्यांनी तोंड लावलं आणि ताट बाजूला ठेवलं. थंडी वाजून ताप भरला. तिथंच कडब्यावर निजवलं. हिरडीतलं गळू आतल्या आत फुटलं, उपरणं भरलं. हिंमतराव पाणी आणायला धावले, मीही धावले — अनवाणी, आणि उसाच्या खुंटावर पाय पडला. टाच चिरली. रक्त बघायला वेळ कुणाला होता?

ग्लानीत माझा हात धरून म्हणाले, "काढून टाक म्हनावं सगळं."

आत्याबाई रडल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

३ जानेवारी १९४४, सोमवार. बार्शी

काढले. वरचे सगळे आणि खालचे समोरचे. अर्धे एका दिवशी, अर्धे आज. सुन्न करायची सुई देत होते, तरी मधे एकदा माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. ओरडले मात्र नाहीत. आता कापूस दाबून बसलेत, गाल आत गेलेत. एकदम त्यांच्या आजोबांसारखे दिसतात. मी बाहेर जाऊन रडून आले.

मला सुई द्यायला शिकवली. आधी वांग्यावर! डॉक्टरांच्या कंपाउंडरनं पिशवीतलं भाजीचं वांगं काढून दिलं, त्याला टोचलं, मग ह्यांच्या दंडाला. हे म्हणाले — कापूस तोंडात, नीट बोलता येईना — "वांगं बरं, वरडत न्हाय."

पहिल्यांदा हसले इतक्या दिवसांनी.

ते निळं औषध आणि नळी बरोबर दिलीय, दर सोमवारी सकाळी लघवी तपासायची. लाल आलं तर सुईच्या दोन रेघा वाढवायच्या, हिरवं आलं तर आहे तेवढीच, निळं राहिलं तर कमी करायची. सुईचं औषध लढाईमुळं सहजी मिळत नाही, सोलापूरहून मागवून दिलं. ओल्या वाळूत माठाखाली ठेवायला सांगितलंय.

५ जानेवारी

परत आलो. नाक्यावर जकातीच्या, करोडगिरीच्या शिपायानं पिशवी उपसली. निळी बाटली वर धरली. "ये क्या है बाई?" म्हटलं, दवा है, शक्कर की बीमारी. तो एकदम मऊ झाला, बाटली स्वतःच्या हातानं धोतरात गुंडाळून परत ठेवली. "मेरी माँ को भी थी."

थी म्हणाला. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून ते जाईना.

१० जानेवारी, सोमवार

पिवळं! लाल नाही, पिवळं! दिव्यावर नळी धरली तेव्हा मी डोळेच मिटले होते. आत्याबाईंनी सांगितलं — "पिवळं हाय गं, हळदीवानी."

हिरड्या भरून येताहेत. वास गेला. खरंच गेला.

१४ जानेवारी, संक्रांत

सगळ्या गावाला तिळगूळ वाटला, घरच्या माणसाला नाही. त्यांच्या हातावर नुसते तीळ ठेवले. म्हणाले, "आता गोड कसं बोलू?" मी म्हटलं, कडू बोला, पण बोला.

आज पहिल्यांदा गुऱ्हाळावर गेले. मी ताकीद दिली — चाखायचं आणि थुंकायचं, गिळायचं नाही. हो म्हणाले. संध्याकाळी दगडोबाकडून कळलं. बेंबळीचा कुणी व्यापारी हसला म्हणे, "आता आडतीला दाताची कवळी बसवा." ह्यांना भेली तोडताच येईना. तुकडा फोडून जिभेवर ठेवला, कितीतरी वेळ विरघळवत बसले, मग भाव सांगितला. बरोबर सांगितला! पण आधीसारखं कडकन नाही. लोक ताटकळले.

मला काळजी वेगळीच. तोंडात विरघळवलं ते सगळं थुंकलं का?

माझी टाच अजून भरत नाही. आज ओलं फडकं बांधलं. मागच्या परसात जाणं होत नाही, म्हणून आत्याबाईंनी खोलीच्या कोपऱ्यात पडद्यामागं गाडगं ठेवून दिलंय. लाज वाटते, पण करता काय? आणि रात्रीतून उठावं तरी किती वेळा! काळजीनं घसा सुकतो, मग पाणी पिते, मग उठते. सगळं ह्या माणसापायी.

१७ जानेवारी, सोमवार

हिरवं! दूर्वेसारखं हिरवं! आत्याबाईंनी यडेश्वरीला नारळ बोलला. येरमाळ्याला जायचं, पाय बरा झाला की.

२४ जानेवारी, सोमवार

लाल.

लाल! विटेसारखं, पहिल्या दिवसासारखं! मी नळी तशीच हातात धरून आडतीत गेले, लंगडत, डोक्यावर पदर आहे की नाही ह्याचं भान नाही. दगडोबा उठून बाहेर गेला.

"खाल्लात ना?"

"थुंकतो मी."

"लिंगावर हात ठेवून सांगा."

गळ्यातल्या लिंगाकडं हात गेला. मधेच थांबला. "लिंगाला मधी आनू नको, गिरिजा."

मग आणखी काय सांगायचं राहिलं? खाल्ला. माझं कपाळ! एवढे दात काढले, एवढी सुई टोचून घेतली, आणि जिभेचा तुकडा आवरत नाही! मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ते बिचारे ऐकत राहिले. एकदा काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, मी सांगू दिलं नाही.

दोन रेघा वाढवल्या.

२६ जानेवारी

सोमवारी पहाटे स्वतः उठून, बाहेर जाऊन बाटली भरून आणतात, मुकाट्यानं माझ्यापुढं ठेवतात. एवढं तरी वेळच्या वेळी. राग गेला थोडा. सगळ्या जन्माची सवय, एका महिन्यात कशी जाईल? आपल्याला मिश्री सोडायला सांगितली तर सुटेल का?

पण वर्षभर म्हणाले होते डॉक्टर. दीड महिना त्यातला गेला.

३१ जानेवारी, सोमवार

पुन्हा लाल. आणखी दोन रेघा.

मला कळतच नाही. हिरड्या गुलाबी, घट्ट. मी स्वतः दिवा धरून बघितल्या. गळू सुकलं. गाल भरले, तांब्याला हात लावत नाहीत. आत्याबाई तर म्हणाल्या, "नवरा भरला आन् तू वाळलीस. कुनाला काय झालंय तेच कळंना." मी म्हटलं, तुमच्या लेकाची काळजी करा, माझं काय!

नळी खोटं बोलत नाही. डॉक्टर म्हणाले होते, रंग दिसतो तो खरा.

७ फेब्रुवारी, सोमवार

लाल!! आणखी दोन.

आज भांडले नाही. नुसती त्यांच्यापुढं बसून रडले. म्हटलं, मला विधवा करायचं असलं तर एकदाच काय ते करा, असा थेंबाथेंबानं जीव घेऊ नका. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आजपासून गुळाला शिवनार न्हाय. बघ तू." आणि ह्या वेळी गळ्यातलं लिंग मुठीत धरून म्हणाले.

विश्वास ठेवू का?

९ फेब्रुवारी

देवा! देवा रे!

दुपारी दगडोबा धावत आला — "मालक पडलं!" हिंमतरावांच्या गुऱ्हाळावर. सकाळपासून म्हणे हात कापत होते, घामानं सदरा भिजला होता, बोलणं दारू प्यायल्यागत झालं होतं. मग उभ्यानं कोसळले. मी गाडीत बसून जाईपर्यंत काय काय मनात आलं! आत्याबाई वाटभर छाती बडवत होत्या.

पोचले तर हे उठून बसलेले. डोळे उघडे. ओठांवर, मिशीवर रस. हिंमतरावांनी घाण्यावरचा उसाचा रस तोंडात ओतला होता, लोटाभर! मी हिंमतरावांच्या अंगावरच धावले. मारताय का माझ्या माणसाला? विष पाजताय?

"वैनी, शिव्या मागनं द्या. रस पोटात गेला तसं त्यानं डोळं उघडलं. ह्या डोळ्यांनी बघितलंय म्या."

आणि खरंच, हळूहळू रंग येत होता तोंडावर. ज्याच्या अंगात साखर भरलीय तो रस पिऊन शुद्धीवर कसा येतो? माझं डोकं चालेना. मला फक्त एवढंच कळत होतं की हात गरम आहे. तो घट्ट धरून बसले.

११ फेब्रुवारी

माझ्या पायाला सूज, मला बार्शीला जाता येईना. हिंमतराव गेले आणि आज निरोप घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, सुई जास्त झाली. अंगात साखरच उरली नव्हती म्हणून पडले, रस मिळाला म्हणून वाचले, अजून वेळ गेला असता तर उठले नसते. सुई एकदम बंद. दात काढल्यावर साखर बरीच खाली आली असणार. मग नळी लाल का येते? तपासण्यात काहीतरी घोळ आहे. सोमवारी बाटली डोळ्यांसमोर भरून घ्या आणि पुन्हा बघा.

म्हणजे मी! मी मारत होते! दर सोमवारी दोन दोन रेघा, माझ्या हातानं! विष पाजताय का, म्हणून त्या भल्या माणसाच्या अंगावर गेले, आणि विष माझ्याच हातात होतं. हिंमतरावांचे पाय धरले. ते संकोचून उठूनच गेले. "वैनी, तुमी का जानून केलं?"

ह्यांना म्हटलं, मला माफ करा. तर हे उठले आणि आडतीत जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत.

१२ फेब्रुवारी

घोळ सापडला! गुळाचा हात! ह्या घरात कशाला म्हणून गूळ लागलेला नाही? बाटलीला लागला असणार, बुचाला लागला असणार. ह्यांनी आडतीतल्या त्याच हातांनी बाटली भरायची, मग लाल नाही येणार तर काय? आणि मी लाख शिव्या दिल्या त्यांना.

बाटली उकळली, नळी उकळली, बूच फेकून नवं केलं. राखेनं हात घासून घेतले. ह्यांना सांगितलं तर ऐकून घेतलं, मान खाली. आनंद काही दिसला नाही. रागावलेत माझ्यावर. रागावू देत. मी काय कमी छळलंय?

१३ फेब्रुवारी

आज पण नीट जेवले नाहीत. भाकरीचे तुकडे करून ताटात फिरवत बसले. आत्याबाईंनी विचारलं, "पोटात दुखतंय का रं?" नाही म्हणाले. मग मला विचारलं, अगदी हळू — "तुझी टाच बघू."

मी म्हटलं, टाचेचं काय बघायचं? भरेल की. तरी बसले समोर, फडकं सोडलं, आणि बघतच राहिले. असं पाय हातात घेऊन बसायची रीत आहे का नवऱ्यानं? आत्याबाई उठून आत गेल्या. मला इतकी लाज वाटली! पण बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

उद्या सोमवार. निळं येऊ दे. दुसरं काही मागत नाही.

१४ फेब्रुवारी, सोमवार

निळं! बाटली दाराशी उभं राहून भरून घेतली, उकळी येऊन गेली, तरी निळंच! मी ओरडले. हे तसेच खाली मान घालून उभे. म्हणाले, "गिरिजा, हे माझं हाय. मागलं तीन सोमवार माझं नव्हतं. म्या गूळ गिळला व्हता, रंग फुटंल म्हनून भ्यालो. पहाटं बाहीर जायच्या आधी तुझ्या गाडग्यातलं बाटलीत भरलं. लाल आलं तर वाटलं, औषधच नासलंय. न्हायतर तुझं लाल कशाला येतंय, आसं वाटलं."

मी खाली बसले. त्यांनी सुईची डबी आणली, माझ्याजवळ बसले. "तुला कशी टोचायची ते मला दाव."